टॉपरचं हृदय

आमच्या घरात आकडा खाली आला की आइस्क्रीम येतं. इतर घरांत मार्क वाढले, पगार वाढला की आनंद होतो. आमच्याकडे आकडा एकच, दादाचं फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचं रक्तातलं माप, आणि तो जितका खाली तितकं आइस्क्रीम मोठं. हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघतेय. त्यामुळे पहिलीत मला गणितात कमी मार्क पडले तेव्हा मी धावत घरी आले होते. मला आइस्क्रीम मिळालं नाही.

दादाला थॅलेसेमिया आहे. त्याचं शरीर रक्त बनवतं, पण मन लावून बनवत नाही. म्हणून दर तीन आठवड्यांनी त्याला इतरांचं रक्त चढवतात. त्या रक्तासोबत लोह येतं, आणि शरीराला लोह आत घ्यायला दार आहे, बाहेर घालवायला नाही. बांधणाऱ्याने एवढा साधा विचार केलेला नाही. मग ते साठत जातं. यकृतात, ग्रंथींत आणि हृदयात. ते बाहेर काढायला गोळ्या असतात. रोज, उपाशीपोटी, ग्लासभर पाण्यात विरघळवून प्यायच्या. चव ओल्या भिंतीसारखी लागते असं दादा म्हणतो. भिंत कधी चाटलीस विचारलं तर विषय बदलतो.

दादा गणिताचे क्लास घेतो. नववी-दहावीची पोरं त्याला वचकून असतात. "परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घोकून गणित येत नाही," असं तो त्यांना वर्षभर ऐकवतो. इतक्या तळमळीने की बाहेर चपला काढणाऱ्या पालकांचेही डोळे भरून येतात. रक्त चढवायच्या वॉर्डात त्याला सगळे टॉपर म्हणतात, कारण तीन महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत त्याचं फेरिटिन नेहमी सभ्य असतं. नव्या मुलांचे आईबाप त्याच्या खुर्चीभोवती जमतात आणि तो हाताला सुई लावलेल्या अवस्थेत शिस्तीवर बोलतो.

शिस्त मी जवळून पाहिली आहे. तपासणीच्या आधी दोन आठवडे ग्लास रोज वाजतो. तपासणी झाली की ग्लास गप्प. मी हे बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "तू त्याच्यावर जळतेस." बाबा मोटार ड्रायव्हिंग शिकवतात. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबल्यामुळे त्यांना वाटतं की वेळ आली की ते दाबतील आणि सगळं थांबेल. टीव्हीवर गाडी वेगात वळली तरी त्यांचा पाय सोफ्याखाली जातो.

मागच्या वर्षी वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खुर्चीतली मुलगी गेली. दादाच्याच वयाची. फेरिटिन बरं होतं, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तोही चांगला होता. हृदयात लोखंड साठलं होतं आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं. तिच्या घरी भेटायला गेलेले सगळे म्हणाले, अचानक झालं. मला त्या शब्दाची चीड आली. अचानक काही झालं नव्हतं. मोजलं नव्हतं, इतकंच. त्यानंतर ती खुर्ची दादाला मिळाली. उजेड चांगला येतो म्हणून तो खूश होता.

म्हणून डॉक्टरबाईंनी यंदा त्याच्यासमोर कागद ठेवला.

"हृदयाचा एमआरआय करायचा आहे. आपल्या मशीनवर आता हृदयातलं लोह मोजता येतं."

"मॅडम, माझं फेरिटिन बघितलंत ना?" दादा हसून म्हणाला. हे हसू तो पालकांसाठी वापरतो.

"बघितलं. त्यावरून हृदयाचं कळत नाही."

"एकोही नॉर्मल आहे."

"एको नॉर्मलच असतो. फार उशीर होईपर्यंत नॉर्मल असतो. आणि हृदयात लोह निघालं तर दुसऱ्या दिवसापासून औषधाचा पंप. रात्रभर पोटाला सुई, शिवाय गोळ्या. तेव्हा कारणं सांगायची नाहीत."

दादाचं हसू थोडं सरकलं. पंप त्याने लहानपणी वापरला होता, आणि गोळ्या आल्या त्या दिवशी तो कपाटावर टाकून दिला होता.

"आणि हो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे माप आम्ही नव्यानेच सुरू करतोय. ते बरोबर येतंय का बघायला काही निरोगी हृदयंही लागतील. घरात कुणी निरोगी आहे?"

आई, बाबा, दादा, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या घरात माझ्या तब्येतीकडे कुणी पाहण्याची ती पहिलीच वेळ. मी एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकते, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' म्हणते आणि समजत काहीच नाही. शरीराने ठणठणीत आहे. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

एमआरआयच्या खोलीबाहेर कानातलं, घड्याळ, पट्टा सगळं काढून ठेवावं लागतं. आत तुम्हाला नळीत सरकवतात आणि वरच्या मजल्यावरची दुरुस्ती डोक्यात चालू करतात. टेक्निशियन काचेपलीकडून बोलत होता. त्याच्या आवाजात इतकी मरगळ होती की मला तो आमच्याच कंपनीतला वाटला.

"श्वास घ्या. सोडा. रोखा."

मला हसू आलं.

"हसू नका ताई. हृदय हलतं."

"ते हलायलाच हवं ना?"

"तेवढं चालतं. त्याहून जास्त नको."

माझ्यानंतर दादा आत गेला. श्वास रोखण्यात तो पटाईत निघाला. लपवालपवीची सवय असली की असे गुण अंगात येतात. मग आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो आणि बऱ्याच वेळाने टेक्निशियन दारात येऊन म्हणाला, "झालं. रिपोर्ट उद्या डॉक्टर देतील."

"आकडा तरी सांगा हो," दादा म्हणाला. "मी आकड्यातलाच माणूस आहे."

"तुमचा आठ. यांचा चौतीस. बाकीचं उद्या डॉक्टरांना विचारा."

दार बंद झालं. दादा माझ्याकडे बघत राहिला. प्रथम त्याच्या चेहऱ्यावर विजय आला. "आठ!" तो पुटपुटला. "आठ आला!" आणि मग त्याला दुसरा आकडा आठवला आणि चेहऱ्याचा रंग उतरला.

"चौतीस?" तो म्हणाला. "तुझा चौतीस?"

"असेल. मी कानातलं टेक्निशियनकडे विसरले," म्हणून मी परत गेले.

टेक्निशियनने कानातलं दिलं. मी विचारलं, "चौतीस म्हणजे वाईट का?"

"वाईट कशाला? उत्तम. वीसच्या वर सगळं चांगलं." त्याने जांभई दिली. "लोखंड असलं की सिग्नल लवकर विझतो. किती वेळात विझला तो हा आकडा. जेवढा कमी, तेवढं लोखंड जास्त."

"म्हणजे आठ?"

तो जांभई देता देता थांबला. "ते डॉक्टर सांगतील, ताई," तो म्हणाला. पण त्याने आवाज बदलला होता, आणि आवाज बदलणं म्हणजे काय हे मला नोकरीमुळे कळतं.

मी कॉरिडॉरमध्ये आले तेव्हा दादाने घरी फोन लावला होता, वॉर्डाच्या ग्रुपवर 'आठ!!!' टाकलं होतं आणि तिकडून पाच अभिनंदनं आली होती. त्यातलं एक अशा माणसाचं होतं ज्याला एमआरआय आणि मायक्रोवेव्ह यांतला फरक माहीत नाही. सगळ्यांनी आयुष्यभर एकच धडा पाठ केलेला, आकडा कमी तर चांगलं, आणि आता हृदयाचा आकडा उलट दिशेने चालतो हे सांगायला कुणी उभं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं.

"दादा, ऐक."

"बोलू नकोस." त्याने माझा दंड धरला. मला म्हातारीसारखं बाकावर बसवलं. "दम लागेल."

"मला दम लागत नाही."

"सुरुवातीला कुणालाच लागत नाही. लक्षणं दिसतात तोपर्यंत उशीर झालेला असतो. कळतंय का तुला?" त्याचे डोळे पाणावले होते. "हे बघ, घाबरू नकोस. तुझ्या बाबतीत तरी मी चुका होऊ देणार नाही."

"तरी?"

"काय?"

"माझ्या बाबतीत 'तरी' म्हणालास. म्हणजे तुझ्या बाबतीत झाल्या?"

तो खाली बघू लागला. "घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला.

आणि म्हणून मी गप्प राहिले. पंचवीस वर्षांत या माणसाने औषधाबद्दल एक खरं वाक्य बोललेलं मला आठवत नव्हतं. आता ते त्याच्या घशापर्यंत आलं होतं आणि मी तोंड उघडलं असतं तर ते परत पोटात गेलं असतं.

बाबा ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन आले. तिला दोन्हीकडे ब्रेक आहेत. मी नेहमीसारखी मागे बसायला गेले तर मला पुढे बसवलं.

"पाय लांब कर," बाबा म्हणाले. "ब्रेकवर ठेवू नकोस."

"तुम्ही दोघं बरे आहात ना?" मी विचारलं.

"तरी मी म्हणत होतो," बाबा आरशात दादाला म्हणाले, "ही इतकी चिडचिडी का झाली. लोह चढलं असणार डोक्यात."

"हृदयात, बाबा."

"तेच ते. ही तिरसट लहानपणापासून आहे. म्हणजे तेव्हापासूनच असेल."

घरी आईने दार उघडलं आणि मला मिठी मारली. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही, त्यामुळे तिचं कोपर माझ्या नाकाला लागलं. तिने फ्रिजमधला पालक कचऱ्यात टाकला होता. लोखंडी तवा वर्तमानपत्रात गुंडाळून दाराबाहेर ठेवला होता, जणू तो चावला होता. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली, रिमोट मिळाला, पायाखाली उशी मिळाली. दादाचं आइस्क्रीम आलं होतं, पण दुःखाच्या प्रसंगी खायचं की नाही यावर एकमत होईना, म्हणून ते डब्यातच वितळत राहिलं. निरोगी माणसाला या घरात एवढा मान कधीच मिळाला नव्हता. त्यासाठी आधी आजारी व्हावं लागत होतं.

"माझीच चूक," आई म्हणाली. "हिच्याकडे लक्षच दिलं नाही मी."

"ते खरं आहे," मी म्हणाले, कारण संधी परत येणार नव्हती.

मग दादा स्वयंपाकघरातून आला. हातात ग्लास, गोळ्या आणि प्लास्टिकचा चमचा. बाबा-आईला त्याने बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

"हे बघून ठेव," तो म्हणाला. "या माझ्या गोळ्या आहेत, तुला नाही द्यायच्या. तुझा डोस डॉक्टर ठरवतील. पण पद्धत आत्ताच शीक. सकाळी, उपाशीपोटी. अर्धा तास काही खायचं नाही. असं ढवळायचं. दिसायला दूध, चवीला—"

"ओली भिंत."

"विनोद नको. आणि पिऊन झालं की लगेच ग्लास ठेवायचा नाही. तळाला राहतं. अजून थोडं पाणी घालायचं, ढवळायचं, तेही प्यायचं. औषध तळालाच बसलेलं असतं."

इतकं स्वच्छ, इतकं नेमकं. या माणसाला सगळं येत होतं. वाचून, पाठ करून, वर्षानुवर्षं. मला त्याचा जितका तिटकारा आला तितका त्याला काही येत नसतं तर आला नसता.

"आणि एखादा दिवस राहिला तर?" मी विचारलं.

"राहू द्यायचा नाही."

"तपासणीच्या आधी दोन आठवडे घेतल्या तर चालतं ना? तुझं चालतं."

तो ढवळायचा थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"ग्लासाने."

तो कॉटच्या कडेला बसला. "नाही चालत," तो म्हणाला. "फेरिटिन थोडं खाली येतं, डॉक्टर खूश होतात, बाबा आइस्क्रीम आणतात. आतलं तसंच राहतं. मला माहीत होतं. पण रोज सकाळी ती चव, मग मळमळ, मग क्लासला जायचं. दोन दिवस चुकवलं, काही झालं नाही. दहा दिवस चुकवलं, काही झालं नाही. काही होतच नाही गं. तीच त्यातली गंमत आहे."

"मग गोळ्या कुठे जायच्या? आई पाकिटं मोजते."

त्याने मान गॅलरीकडे वळवली. तिथे आईचा मनीप्लँट होता. गेली दोन वर्षं त्याची पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. आईने खत बदललं, जागा बदलली, एकदा दृष्टही काढायला निघाली होती. नर्सरीवाल्याने पान बघून लोहाची कमतरता आहे म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही सगळे त्याला हसलो होतो. लोहाची कमतरता, आणि आमच्या घरात!

"कुंडीत?" मी म्हणाले.

"रोज नाही. न ढवळताच ओतायचो."

"दादा, या घरात तुझ्या औषधाचा गुण फक्त त्या झाडाला आलाय."

तो हसला नाही. "म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. "तू असं करू नकोस. मी नशीबवान निघालो, माझा आठ आला. तुझा चौतीस आहे. तुला नाही परवडणार. ती खिडकीतली मुलगी आठव. तिलाही काही होत नव्हतं. मी तुझ्यासमोर रोज बसेन, तू पिईपर्यंत हलणार नाही. वाटलं तर मीही तुझ्यासोबत पिईन. पण मला वचन दे."

वितळलेल्या आइस्क्रीमबद्दल बाहेर बाबा काहीतरी बोलत होते. मी दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला खरंच भीती वाटत होती. माझ्यासाठी. स्वतःसाठी त्याने ती कधी खर्चच केली नव्हती, त्यामुळे सगळी शिल्लक होती.

"दादा," मी म्हणाले, "हृदयाचा आकडा उलटा असतो."

"म्हणजे?"

"जास्त म्हणजे चांगला. वीसच्या वर निरोगी. कमी म्हणजे लोखंड. कानातलं आणायला गेले तेव्हा विचारलं मी."

तो गणिताचा शिक्षक आहे. त्याला फार वेळ लागला नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, मग स्वतःच्या छातीकडे, जणू शर्टाला काही लागलंय.

"आठ," तो म्हणाला.

"हो."

"तुला दुपारपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तू उशी घेऊन बसलीस? आईने तवा फेकला! बाबा बाथरूममध्ये जाऊन रडले! अगं, माणूस आहेस की कोण?"

"चौतीस आहे," मी म्हणाले. "शिव्या दे. पण सकाळी उपाशीपोटी हे कोण म्हणालं? राहू द्यायचा नाही हे कोण म्हणालं? लक्षणं दिसतात तोपर्यंत उशीर झालेला असतो, हे बाकावर मला कुणी सांगितलं? मी एक शब्दही बनवलेला नाही. तुझंच तुला परत देतेय."

तो उठला. ग्लास हातात घेऊन तो गॅलरीच्या दारापर्यंत गेला. मला वाटत नाही की त्याने तसं ठरवलं होतं. पायांना सवय होती. दारात तो थांबला. कुंडीकडे बघत उभा राहिला.

"मरेन का गं?" त्याने पाठमोरा राहूनच विचारलं.

"डॉक्टरबाई म्हणाल्या पंप आणि गोळ्या. मरणार असतास तर फुलं सांगितली असती. निघतं म्हणे ते. हळू निघतं. घोकून निघत नाही."

त्याने ग्लास तोंडाला लावला आणि सगळा प्यायला. तोंड इतकं वाकडं केलं की त्याच्या वर्गातल्या कुठल्याही पोराने केलं असतं तर त्याला बाहेर उभं केलं असतं. मग ग्लास खाली ठेवायला वाकला.

"तळाला राहिलंय," मी म्हणाले.

"कळतं मला."

मी पाणी ओतलं. त्याने ढवळलं.

बाहेर आम्ही सांगितलं तेव्हा आई आधी माझ्यावर ओरडली, मग दादावर, मग दाराबाहेर जाऊन तवा घेऊन आली. बाबा सोफ्यावर बसले आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबून राहिला, बराच वेळ. माझी खुर्ची, रिमोट आणि उशी त्याच संध्याकाळी काढून घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आठ म्हणजे काय ते नीट सांगितलं. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, आणि दादाने एकदाही हसून पाहिलं नाही. कपाटावरचा पंप निकामी झाला होता, नवा आला. वॉर्डाच्या ग्रुपवर दादाने स्वतः लिहिलं की आठ वाईट असतो. अभिनंदन करणाऱ्या पाच जणांपैकी तिघांनी त्यावरही अंगठा दाखवला. एकाने मात्र रात्री फोन करून विचारलं की ते माप कुठे घेतात.

पुढचं स्कॅन वर्षाने आहे. तोपर्यंत आत काय चाललंय ते कुणालाच दिसणार नाही, आणि दादाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही. म्हणून रोज ऑफिसला निघताना मी गॅलरीत जाते आणि कुंडीतली माती बोटाने दाबून बघते. कोरडी असते. भेगा पडल्या आहेत. माती ओली दिसायची म्हणून त्या झाडाला दुसरं पाणी कुणी कधी घातलंच नव्हतं हे आता कळतंय.

आई म्हणते, जरा पाणी घाल, मरेल ते.

मी घालत नाही. पुरावा भिजेल.